ट्रेलरच्या टपावर सोलर: मराठवाड्याच्या उन्हात टिकेल असं

घराच्या गच्चीवर पॅनेल बसवणारा वायरमन राहायच्या ट्रेलरवरही तसंच बसवू पाहतो, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात त्याचा हिशेब चुकतो. गच्ची जागेवर असते. ट्रेलरचं टप रोज हादरे खातं, समोरून वारा घेतं, मे महिन्यात हात ठेववत नाही इतकं तापतं आणि जूनमध्ये गळायला बसतं. म्हणून किती वॅट घ्यायचे या प्रश्नाला जेवढा वेळ द्याल, त्याच्या दुप्पट वेळ पॅनेल कशावर आणि कसं बसणार याला द्या.

पुढचा हिशेब एका ठरावीक ट्रेलरचा आहे: टप ३.६ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद, आत १२ व्होल्टची बॅटरी. तुमचा ट्रेलर लहान-मोठा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी खर्च मोजा

१२ व्होल्टचे दोन पंखे, प्रत्येकी १८ वॅट, रोज १० तास: ३६० वॅट-तास. ५ वॅटचे चार दिवे, पाच तास: १००. मोबाइल आणि लॅपटॉप मिळून १२०. चाळीसेक लिटरचा कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्ट फ्रिज हिवाळ्यात ३०० ते ३५० मध्ये भागतो, पण बाहेर पारा ४२ वर गेला की ६०० खातो. उन्हाळ्याचा दिवस धरला तर बेरीज साधारण १,२०० वॅट-तास. एसी या हिशेबात बसत नाही. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, तेवढे पॅनेल या टपावर मावतच नाहीत.

आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाच तास भरउन्हाएवढी ऊर्जा मिळते. पण सपाट बसवलेलं, धूळ खाल्लेलं, तापलेलं पॅनेल आणि चार्जिंगमधली गळती धरता हाती ६५ टक्केच येतं. १,२०० ला ५ गुणिले ०.६५ ने भागा: ३७० वॅट. म्हणजे ४०० वॅट घ्या. श्रावणात सलग झड लागली तर यातला चौथा-पाचवा हिस्साच मिळेल. त्यावर उपाय आणखी पॅनेल नव्हे, फ्रिज बंद ठेवणं.

उन्हाचा प्रदेश म्हणून पॅनेल इथे जास्त देतं, हा समज अर्धाच खरा आहे. पॅनेलवर लिहिलेले वॅट सेलचं, म्हणजे काचेखालच्या वीज बनवणाऱ्या चकतीचं, तापमान २५ अंश असतानाचे असतात. मोनो पर्क प्रकारचं पॅनेल त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के गमावतं. मे महिन्यात दुपारी सेल ७० अंशांवर जातो, म्हणजे ४५ अंश जास्त, म्हणजे जवळपास १६ टक्के गेले. टपाला चिकटवून बसवलं तर त्याहून जास्त. टॉपकॉन प्रकारात हे नुकसान थोडं कमी, ०.३० टक्क्यांच्या आसपास. भाव फार वेगळा नसेल तर तेच घ्या.

पॅनेल कोणतं

गच्चीवर चालतं ते ५४० वॅटचं पॅनेल स्वस्त पडतं म्हणून मोह होतो. ते सव्वादोन मीटर लांब, ११३ सेंटिमीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. एवढी मोठी काच खड्ड्याखड्ड्याला मध्ये लवते. आतल्या सेलना बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त वर्षभराने करंट कमी झालेला दिसतो. त्यापेक्षा १०० वॅटची चार घ्या. एक पॅनेल सुमारे १ मीटर बाय ६७ सेंटिमीटर, वजन सात किलोच्या आसपास. एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं.

वाकणारी, चिकटवायची पातळ पॅनेल हलकी असतात, दिसायलाही बरी. पण खालून हवा नसल्याने ती भाजतात, वरचं प्लास्टिक धुरकट होतं. मराठवाड्यात ती घेऊ नका. गारपिटीचंही लक्षात ठेवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथला शेतकरी विसरलेला नाही. काचेचं पॅनेल प्रमाणित असेल तर २५ मिलिमीटरच्या बर्फगोळ्याचा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारा करून ते तपासलेलं असतं. लिंबाएवढी गार पडली तर तेही सांगता येत नाही, पण वाकणाऱ्या पॅनेलपेक्षा नक्कीच बरं.

जोडणी: दोन-दोनच्या जोड्या

चारही पॅनेल समांतर, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडली तर १८ व्होल्ट आणि २२ अँपिअर मिळतात. टपापासून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणाऱ्या डब्यापर्यंत, सहा मीटर अंतर, जाऊन-येऊन १२ मीटर वायर, ४ स्क्वेअर एमएमची. यात सव्वा व्होल्टच्या वर वायरीतच पडतात, म्हणजे सात टक्के वायर तापवण्यात गेले. त्याऐवजी दोन-दोन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला, जोडून त्या दोन जोड्या समांतर करा: ३६ व्होल्ट, ११ अँपिअर. त्याच वायरीत आता दोन टक्केही जात नाहीत.

जोड्या लावताना सावली बघा. टपावर हवेचा पंखा किंवा झरोका असतोच. त्याच्याजवळची दोन पॅनेल एका जोडीत घ्या. सावली पडली तर तीच जोडी मंदावते, दुसरी पूर्ण चालते. उलटसुलट जोडलीत तर एका झरोक्याची सावली दोन्ही जोड्या ओढते.

कंट्रोलर एमपीपीटीच हवा, म्हणजे पॅनेलचे जादा व्होल्ट बॅटरीसाठी जादा अँपिअरमध्ये बदलणारा, ३० अँपिअरचा, इनपुट मर्यादा १०० व्होल्ट. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर ३६ व्होल्टना बॅटरीच्या पातळीवर खेचतो आणि निम्म्याहून जास्त वीज वाया घालवतो. पॅनेलच्या मागच्या लेबलावर व्हीओसी म्हणून आकडा असतो, म्हणजे काही जोडलेलं नसतानाचे व्होल्ट, साधारण २२. दोन मिळून ४४. थंडीत हा आकडा वाढतो, अंशाला ०.३ टक्के. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकड्यावर आला तरी ४४ चे ४६-४७ होतील, १०० च्या खूप आत. तीन किंवा जास्त जोड्या समांतर केल्या तर प्रत्येकीला वेगळा फ्यूज लागतो. दोनला लागत नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास) किमान. फ्रिज रात्रंदिवस चालणार असेल तर २००. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी बसवता येते, पण तिचं वजन ५५ किलोच्या पुढे, वापरायची निम्मीच, आणि ट्रेलर हलताना ॲसिड सांडायची भीती. बॅटरी आत, खाली, चाकांच्या धुऱ्याच्या जवळ ठेवा. बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली तर उन्हाळ्यात तिचं संरक्षण-सर्किट ऐन दुपारी चार्जिंग तोडतं, आणि लोक पॅनेलला नावं ठेवतात.

टपावर चढण्याआधी

टपाचा पत्रा किंवा एसीपी शीट (ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा पातळ तक्ता) पॅनेलला धरत नाही. धरतात त्या खालच्या आडव्या पट्ट्या, बहुधा लोखंडी चौकोनी पाइपच्या. लोहचुंबक फिरवून किंवा ठोकून त्या शोधा, खडूने रेघा मारा. बहुतेक फॅब्रिकेटर त्या ६० सेंटिमीटरवर देतात, पण गृहीत धरू नका. ट्रेलर तयार होत असतानाच टपाच्या पट्ट्यांचा फोटो काढून ठेवला तर हा सगळा त्रास वाचतो.

मांडणी अशी: चारही पॅनेलची १ मीटरची बाजू आडवी, एकामागे एक. मध्ये २० मिलिमीटर फट ठेवली तर एकूण पावणेतीन मीटर लांबी होते. पुढे-मागे मिळून ८५ सेंटिमीटर झरोक्याला उरतात, आणि दोन्ही बाजूंना ४५ सेंटिमीटर, पुसायला बसण्यापुरते.

खाली दोन लांब रेल, ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने. ५० बाय ५० बाय ५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम अँगल १२ फुटांच्या लांबीत मिळतो, दोन नग आणा. एकेकाचे तीन मीटर कापा, उरलेल्या तुकड्यांतून ६० मिलिमीटर लांबीचे बारा पाय. प्रत्येक रेलला सहा पाय, प्रत्येक पाय एका पट्टीवर. रेल लांबीच्या दिशेने असल्याने गाडी चालताना पॅनेलखालून वारा सरळ निघून जातो. दोन रेलमधलं अंतर पॅनेलच्या चौकटीतल्या तयार भोकांवरून घ्या. चौकटीला नवीन भोक पाडू नका. ड्रिल निसटली तर काच जाते, आणि वॉरंटी तर जातेच.

पॅनेल आणि टप यांत ५० मिलिमीटर तरी मोकळी जागा राहते, ती सोडूच नका. पॅनेल थंड राहतं आणि त्याच्या सावलीमुळे टपही कमी तापतं. दुपारी ट्रेलरमध्ये हा फरक जाणवतो.

पायाला पट्टीत एम८ रिव्हनट, म्हणजे भोकात दाबून पक्का बसणारा आट्यांचा नट. त्यासाठी भोक ११ मिलिमीटरचं. एका पायाला एकच, म्हणजे टपाला फक्त बारा भोकं. रेल पायांना बांधलेली असल्याने एकेरी बोल्टचा पाय फिरत नाही. भोकं वाढवून मजबुती वाढते असं वाटतं, वाढते ती गळती. बोल्ट एसएस ३०४ चे, मोठं वॉशर, वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी न सुटणारा). जिथे नट नाही, रिव्हनटमध्ये बोल्ट थेट जातो, तिथे निळ्या रंगाचं थ्रेडलॉक, आटे धरून ठेवणारा गोंद. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून बोल्ट अडकतो, म्हणून नायलॉकच्या आट्यांना थोडं ग्रीस. ॲल्युमिनियम पाय आणि लोखंड यांच्यात रबराचं पॅकिंग, नाहीतर पावसाळ्यात दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून कुजायला लागतं.

सीलंट पॉलियुरेथेनचा. बाथरूमचा सिलिकॉन नको. त्याची पकड सुटली की त्या जागेवर पुन्हा काहीच चिकटत नाही. भोकाच्या आत, पायाखाली आणि बोल्टच्या डोक्यावर, तिन्ही ठिकाणी लावा. हा सीलंट हवेतल्या दमटपणावर सुकतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो, त्यामुळे घाई नको, दोन दिवस ट्रेलर हलवू नका. काम शक्यतो सकाळी करा. दुपारी तापलेल्या टपावर सीलंट पसरतो आणि हातही भाजतात.

वाऱ्याचा जोर किती, याचा अंदाज असावा. ताशी ८० किलोमीटरला चारही पॅनेलवर मिळून ढोबळ ८० किलो उचल येऊ शकते, १०० ला सव्वाशे. समृद्धी महामार्गावर जालन्याकडे निघालात तर आडवा वाराही असतो. पुढच्या पॅनेलच्या कडेसमोर ॲल्युमिनियमची तिरकी पट्टी लावा, पण खालून हवा जायला अर्धी उंची मोकळी ठेवा.

शेवटी उंची मोजा आणि आकडा गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवा. पॅनेलने आठ-नऊ सेंटिमीटर वाढलेले असतात. गावाच्या कमानी, रेल्वेचे भुयारी मार्ग आणि संभाजीनगरचे जुने दरवाजे ते विचारत नाहीत. ट्रेलरच्या नोंदणीवर या बदलाचा परिणाम होतो का, तेही आरटीओत आधीच विचारून घ्या.

वायर आणि चालू करणं

टपावर डीसी सोलर केबलच वापरा, ४ स्क्वेअर एमएम. घरातली पीव्हीसी वायर उन्हात दोन वर्षांत तडकते. एमसी४ कनेक्टर (सोलर केबलचे खटक्याचे प्लग) पक्कडीने दाबू नका, त्याचं क्रिंपिंग टूल, म्हणजे दाबून जोडायचं हत्यार, आणा. ढिला क्रिंप तापतो, वितळतो, आणि सोलरच्या आगी बहुधा इथूनच सुरू होतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नका. केबल रेलला क्लिपने बांधा, पांढरे प्लास्टिकचे टाय एक उन्हाळा काढत नाहीत. केबल आत जाते तिथे ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं, पाणी अडवणारं बूच), तोंड मागच्या बाजूला, आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये डीसीचा दोन पोलचा एमसीबी. घरातला एसीचा चालत नाही, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही. कंट्रोलर ते बॅटरी १० स्क्वेअर एमएम, दीड मीटरच्या आत, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. हजार वॅटचा इन्व्हर्टर असेल तर तो ९५ अँपिअर ओढतो. त्याला ३५ स्क्वेअर एमएम आणि १२५ चा फ्यूज, वेगळा.

जोडताना पॅनेलवर ताडपत्री टाका. आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. क्रम चुकला तर कंट्रोलर १२ का २४ व्होल्ट हे चुकीचं धरू शकतो, काही जळतातही. मग बॅटरीचा प्रकार निवडा. लिथियमला १४.२ ते १४.४ व्होल्ट.

मे महिन्याच्या भर दुपारी, बॅटरी निम्मी असताना, ४०० वॅटमधून २९० ते ३२० वॅट दिसायला हवेत. १५० दिसले तर एक जोडी गेली, तिचे कनेक्टर बघा. बॅटरी भरलेली असताना २० वॅट दिसणं हा बिघाड नाही.

राहिला झाडाचा प्रश्न. उन्हाळ्यात माणसाला कडुलिंबाची सावली हवी आणि पॅनेलला ऊन. टपावरचं पॅनेल दोन्ही देऊ शकत नाही. म्हणून १०० वॅटचं एक घडीचं पॅनेल, १० मीटर ६ स्क्वेअर एमएम वायर आणि त्याचा वेगळा १० अँपिअरचा कंट्रोलर जवळ ठेवा. ट्रेलर सावलीत, हे उन्हात. कलते स्टँड टपावर लावण्यापेक्षा हे बरं. आपल्या अक्षांशावर, १८ ते २० अंशांत, मे आणि जुलैमध्ये सूर्य माथ्यावर येतो आणि सपाट पॅनेल पुरेसं घेतं. डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य ४७ अंशांवर असतो, तेव्हा सपाट पॅनेल चौथा हिस्सा गमावतं, पण तेव्हा फ्रिजही कमी खातो.

फुफाटा पंधरा दिवसांत पॅनेलवर थर देतो. पहाटे, काच थंड असताना, मऊ फडक्याने पुसा. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात, फिल्टरचं एक कॅन पुरतं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर सगळे बोल्ट तपासा. नट घट्ट करतानाच नट आणि रेल यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो नट ढिला झालाय.