मत देऊन झालं, आता निकाल लागेपर्यंत काय करायचं?

बटण दाबायला दोन मिनिटं लागतात हो, खरं काम त्याच्या पुढचं. २०२४ च्या लोकसभेला आमच्या नागपूरचं मतदान पहिल्याच टप्प्यात १९ एप्रिलला झालं आणि मोजणी ४ जूनला, म्हणजे दीड महिना मशीन कुलपात आणि आम्ही उन्हात. मुंबईवाल्यांचं २० मेला होतं, त्यांना जेमतेम पंधरवडा काढायचा होता, आणि तेच जास्त कुरकुरत होते. तर पुढच्या वेळेसाठी हे लिहून ठेवतोय, ज्यांना पहिल्यांदा मत द्यायचंय आणि ज्यांना निकालाच्या दिवशी बीपी वाढवून घ्यायची सवय आहे अशा दोघांसाठी.

आधी यादीत नाव बघा. कार्ड पाकिटात आहे म्हणजे नाव यादीत आहेच असं अजिबात नसतं, आणि यादीत नसेल तर केंद्रावर कितीही आवाज चढवला तरी काही होत नाही. आयोगाच्या साइटवर नाहीतर १९५० ला फोन करून कळतं. नवीन नाव घालायला फॉर्म ६, घर बदललं असेल तर फॉर्म ८, आणि हे सगळं उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंतच चालतं, मतदानाच्या आदल्या रात्री नाही. यादीत नाव आहे पण कार्ड सापडत नाहीये, तर टेन्शन नको, आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक, यातलं काहीही चालतं. घरी येते ती मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र नाही, ती फक्त यादीतला नंबर आणि केंद्र कळायला.

सकाळी सातला सुरू होतं, विदर्भात असाल तर नऊच्या आत उरका. नंतर जे ऊन लागतं त्यात लोकशाही वगैरे काही सुचत नाही. संध्याकाळी गेलात तरी वेळ संपायच्या ठोक्याला जे रांगेत उभे असतात त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या देतात आणि त्या सगळ्यांचं मत होतं, त्यामुळे सहाला पाच कमी असताना पोचलात तर परत फिरू नका. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, केंद्राबाहेर जमा करायची सोय करायचं आयोगाने २०२५ मध्ये ठरवलंय, तरी मी म्हणेन घरीच ठेवा, नाहीतर समोरच्या पानठेल्यावाल्याकडे अर्ध्या वॉर्डाचे फोन गोळा झालेले असतात आणि आपला कुठला ते त्यालाही माहीत नसतं.

आत पहिला कर्मचारी तुमचं नाव आणि यादीतला नंबर मोठ्याने वाचतो, कारण बाजूला पक्षांचे पोलिंग एजंट यादीवर टिक करत बसलेले असतात. दुसरा रजिस्टरवर सही घेतो आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची रेघ ओढतो, नखावरून खाली कातडीवर येईल अशी. ती लगेच पुसू नका, वाळू द्या. तिसरा दुसऱ्याने दिलेली चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, मग आडोशामागे तुमची पाळी. निळं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या मशीनच्या, काचेत उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून खाली पडते. हे सात सेकंद बघा, बहुतेक लोक बीप वाजला की वळतात. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगायचं, ते लेखी घेऊन सगळ्यांसमोर चाचणी मत देऊ देतात, पण तक्रार खोटी निघाली तर गुन्हा आहे, म्हणून उगाच गंमत नको. आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर भांडत बसण्यापेक्षा टेंडर व्होट मागा, कागदाची मतपत्रिका देतात. ती वेगळ्या पाकिटात राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर तीच कामाची.

आता वाट बघणं. एक्झिट पोल शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाल्याशिवाय दाखवता येत नाहीत, म्हणून मधल्या काळात व्हॉट्सॲपवर जो "आतला सर्व्हे" फिरतो तो मामेभावाने फॉरवर्ड केलेला असला तरी सर्व्हे नसतो. आणि खरे आले तरी किती धरायचे? २०२४ ला १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक चॅनेल एनडीएला साडेतीनशे जागांच्या वर नेत होते, कोणी चारशे. आल्या २९३. त्यामुळे त्या संध्याकाळी पैजा लावू नका, फॅमिली ग्रुप चार दिवस म्यूट करा, एवढाच माझा सल्ला.

मोजणीच्या दिवशी पहिला एक तास टीव्ही लावूच नका खरंतर, तर्री पोहे करा. आठला टपाली मतं उघडतात, साडेआठपासून मशीनची मोजणी, आणि सव्वाआठलाच स्क्रीनवर "आघाडी" नाचायला लागते ती मूठभर टपाली मतांवर. पुढे प्रत्येक विधानसभा क्षेत्राला साधारण चौदा टेबलं, म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रांची मशीनं. कुठल्या भागाची मशीनं आधी येतात त्यावर आघाडी वरखाली होते, म्हणून किती फेऱ्या झाल्या आणि किती बाकी हे विचारल्याशिवाय आकड्यावर नाचायचं नाही. धुळ्यात शोभा बच्छाव सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत मागे होत्या, एकट्या मालेगाव मध्यने त्यांना ३,८३१ मतांनी निवडून आणलं. मुंबई उत्तर पश्चिमला तर रवींद्र वायकर फक्त ४८ मतांनी आले, साडेचार लाखांच्या वर मतं त्यांनाही आणि हरलेल्यालाही! तिथे संध्याकाळी लवकर पेढे आणलेल्यांचं काय झालं असेल. चॅनेलचा आकडा पुढे आणि आयोगाच्या साइटचा मागे दिसला की लगेच घोटाळा ओरडू नका, साइटवर फेरीची नोंद झाल्यावर आकडा चढतो, वेळ लागतोच. शिवाय दर विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजतात, त्यामुळे शेवटची घोषणा रेंगाळते.

निकालानंतर काही दिवसांनी एक काम करा, जे कोणी करत नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म २० शोधा, त्यात केंद्रवार मतं असतात. आपल्या केंद्राचा नंबर मतदार चिठ्ठीवर असतोच, म्हणून ती फेकू नका. ती ओळ काढा, नोटा, म्हणजे "यापैकी कोणीही नाही" ची मतं, किती ते पण बघा, आणि मग "आपली अख्खी गल्ली एकाच बाजूची आहे" असं छातीठोक सांगणाऱ्या शेजारच्या काकांना प्रिंट काढून द्या.