सोलापुरात गच्चीवर जुने हॉलिवूडपट दाखवायचे, तर

सोलापुरातल्या एखाद्या गच्चीवर तीस-चाळीस माणसं जमली की त्यांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं सहज निघतात. शिवाय आजीपासून नातवापर्यंत सगळी वयं. अशा बैठकीसाठी सिनेमा निवडायची एकच कसोटी आहे: आधी घरी तो आवाज बंद करून दहा मिनिटं बघा. तरीही हसू फुटलं, पुढे काय होतंय म्हणून डोळे हलले नाहीत, तर तो सिनेमा घ्या. जुन्या हॉलिवूडचे चांगले विनोदपट आणि मारधाडपट या कसोटीला उतरतात, कारण त्यांतली बहुतेक गंमत पडण्या-धडपडण्यात आणि धावण्यातच आहे.

सुरुवातीला छोटी फिल्म लावा, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचं काही चुकत नाही. सडपातळ लॉरेल आणि जाड्या हार्डी या विनोदी जोडीची ‘द म्युझिक बॉक्स’ (1932) यासाठी उत्तम. लांबलचक जिन्यावरून पियानो वर न्यायचा, एवढीच गोष्ट. अर्ध्या तासाच्या आत संपते. ऑस्कर मिळालेली फिल्म आहे, पण तिसरीतल्या पोरालाही एक शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मुख्य सिनेमा म्हणून पूर्वभागातल्या, यंत्रमागाशी नातं असलेल्या घरांत चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (1936) आधी दाखवावा. 87 मिनिटांचा आहे. कारखान्यातल्या पट्ट्यावरून धावणारे नट-बोल्ट आवळून आवळून काम थांबल्यावरही त्याचे हात तसेच झटके देत राहतात, हे पाळीत उभं राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेवटाकडे चॅप्लिन गाणं म्हणतो त्यात तर कुठल्याच भाषेचे शब्द नाहीत, त्यामुळे सगळे एका पातळीवर येतात. ‘द गोल्ड रश’ घेणार असाल तर आवृत्ती बघून घ्या. 1925 ची मूकपट आवृत्ती वेगळी आणि 1942 ची वेगळी; दुसरीत चॅप्लिनने स्वतःचं इंग्रजी निवेदन घातलंय आणि लांबीही कमी केलीय. मिश्र बैठकीला 1925 चीच बरी.

मारधाडीच्या शौकिनांनी मूकपटांतल्या बस्टर कीटन या विनोदी नटापासून सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. ‘द जनरल’ (1926) मध्ये धावत्या इंजिनावरच्या कसरती तो स्वतः करतो, आणि पुलावरून नदीत कोसळणारं इंजिन खरंखुरं आहे. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (1928) मध्ये घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो वाचतो तो फक्त उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे. हा प्रसंग लोक पुन्हा लावायला सांगतातच; लावा. हॅरॉल्ड लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट!’ (1923) मध्ये घड्याळाला लोंबकळायचा प्रसंग येण्याआधी एक गोष्ट जरूर सांगा: 1919 च्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं होतं, पडद्यावर दिसतो तो खास बनवलेला हातमोजा.

मूकपटांची प्रत निवडताना चालणाऱ्या माणसांकडे लक्ष द्या. सगळेच तुरुतुरु पळत असतील तर कमी वेगाने चित्रित केलेली फिल्म जास्त वेगाने उतरवली आहे. व्हीएलसी प्लेयरमध्ये वेग 0.9 किंवा 0.85 वर आणला की चाल माणसासारखी होते. पण मग संगीतही ओढल्यासारखं वाटतं, म्हणून शक्यतो दुसरी प्रत शोधा. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मोठ्याने वाचायला एक मराठी आणि एक तेलुगू वाचणारा आधीच ठरवून ठेवा. दोघांनी एकदा घरी सराव करावा; पाटी चार-पाच सेकंदच टिकते, तेवढ्यात दोन भाषांत बसेल इतकंच बोलायचं.

बोलक्या मारधाडपटांत ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (1938) मुलांसाठी पहिला. जुन्या टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीचे रंग पांढऱ्या कापडावरही खुलतात. ‘स्टेजकोच’ (1939) मधला धावत्या घोड्यांमधला स्टंट आजही अंगावर काटा आणतो, पण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना त्यात नुसतं शत्रू म्हणून रंगवलंय, हे मुलांना आधी सांगावं. ‘बुलिट’ (1968) मोटारींच्या पाठलागासाठी गाजला. तो यायला मात्र तासभर थांबावं लागतं, म्हणून मोठ्यांच्याच बैठकीत. ‘मॅकेनाज गोल्ड’चं आपल्याकडे भारी कौतुक, पण तळ्यातला प्रसंग घरच्या मंडळींसमोर अवघड होतो, आधी बघून ठरवा. मार्क्स बंधू हे विनोदी नट शब्दांवर खेळतात, ‘सम लाइक इट हॉट’चीही निम्मी मजा संवादांत आहे. हे सिनेमे मोठे आहेत, पण सबटायटल वाचेपर्यंत विनोद पुढे निघून जातो. चार-पाच जणांसाठी ठेवा.

आता सामान. पडद्याला साधं पांढरं, जाड, बिनजोडाचं सुती कापड घ्या. आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच पुरतं. एकेरी कापडातून उजेड पलीकडे जातो आणि चित्र फिकं पडतं. मागे गडद रंगाची सोलापुरी चादर लावली की काळा रंग काळा दिसतो. वरची बाजू घट्ट बांधा, खालच्या शिवणीत पाइप घाला आणि खालचे कोपरे थोडे सैल ठेवा. चारी बाजूंनी ताणलेलं कापड वाऱ्याने फाटतं किंवा खांब ओढून आणतं.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना ‘एएनएसआय ल्युमेन’ (उजेडाचं प्रमाणित माप) किती ते विचारा; 3000 हवेत. स्वस्त मशिनच्या खोक्यावरचे मोठे आकडे वेगळ्या मापाचे असतात. मशिनचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर आठ फुटी चित्रासाठी बारा फूट अंतर लागतं. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येणारच. ते घालवायला चित्र ताणलं की लॉरेल आणि हार्डी दोघेही जाडे दिसतात आणि जोडीची गंमतच जाते. ‘बेन-हर’सारखा (1959) अतिरुंद सिनेमा याच पडद्यावर जेमतेम तीन फूट उंच उरतो.

स्पीकर ब्लूटूथवर नको, आवाज मागे पडतो, वायर जोडा. सबटायटल पुढे-मागे होत असतील तर व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी सरकवता येतात. मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर सबटायटलची फाइल यूटीएफ-8 या अक्षरपद्धतीत जतन करा.

मे महिन्यात इथे सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपास. मावळल्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करा. मेमध्ये 7:25 ला छोटी फिल्म, दहा मिनिटं शेंगा-चहा, मग 87 मिनिटांचा सिनेमा, म्हणजे साडेनऊच्या सुमारास संपतं. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, त्यामुळे ‘द ग्रेट एस्केप’सारखा (1963) जवळजवळ तीन तासांचा सिनेमा दोन रात्रींत वाटून घ्यावा.

उन्हाळ्यात सहा वाजता गच्चीवर पाणी मारा, पण प्रोजेक्टर टेबलावर ठेवा आणि त्याच्या जाळीसमोर कुणाला बसू देऊ नका. लाईट गेली की दिव्याच्या मशिनचा पंखा गरम असतानाच बंद पडतो आणि दिवा लवकर जातो. म्हणून प्रोजेक्टर आधीपासूनच इन्व्हर्टरवर चालवा. लॅपटॉप आणि छोटा स्पीकर धरून साधारण चारशे वॅट लागतात. वळवाचे ढग दिसले तर ताडपत्री जिन्यात नाही, टेबलाखालीच ठेवा.