पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं? या चुका टाळा

"साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा." असा फोन आला की काही जण हातातलं काम टाकून धावत सुटतात, तर काही जण मोबाइल बंद करून गावाला निघून जातात. दोन्ही चुकीचं. आधी शांतपणे विचारा: गुन्हा नोंद झालाय का, नंबर काय, आरोपी म्हणून बोलावताय की साक्षीदार म्हणून?

लगेच अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी संशयिताला हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अटक, तपास, जामीन यांचे नियम सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35(3) हेच सांगतं. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर टाकून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलं आहे. मात्र रीतसर नोटीस हातात पडल्यावर दांडी मारू नका. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. न पाळणाऱ्याच्या अटकेची वाट तो स्वतःच मोकळी करून देतो.

सह्यांबाबत फार हलगर्जीपणा होतो. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावरही सही लागत नाही, त्याच संहितेचं कलम 181 तशी सही घेऊच देत नाही. अटकेच्या कागदावर मात्र सही घेतात. तिथे वेळ वाचा. सकाळी अकराला बसवून ठेवलेल्या माणसाची अटक कागदावर संध्याकाळी सातची दिसली, तर सहीशेजारी आपल्या हाताने खरी वेळ लिहा. 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याचा हिशोब या वेळेवर चालतो.

"पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात चालत नाही" हे अर्धवट ज्ञान घातक आहे. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, हे खरं. पण तुम्ही सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर बोलण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. नाव-पत्ता खरा सांगा. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 20(3) ने दिलाय. खोटी गोष्ट रचण्यापेक्षा तो वापरा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

नातेवाईक डबा घेऊन ठाण्याबाहेर ताटकळत बसतात, पण कागद मागत नाहीत. अटकेची कारणं लेखी मागा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये सांगितलं, की ही कारणं आरोपीला कळेल अशा भाषेत आणि रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी मिळालीच पाहिजेत. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा, मोफत वकील मिळतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या रिमांडला होते. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मारहाण झालेला माणूसही मान हलवून नाही म्हणतो, कारण ज्याच्या ताब्यात परत जायचंय तो मागेच उभा असतो. "तक्रार नाही" अशी नोंद होते आणि पुढे प्रत्येक वेळी तीच आडवी येते. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना दाखवा, कोर्टात मोठ्याने सांगा, आणि ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाकडून लगेच द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या आदेशानुसार ते किमान वर्षभर ठेवायला हवं, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.

पुढची चूक मुदतीची. दोषारोपपत्र (चार्जशीट) 60 दिवसांत आलं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ही मुदत 90 दिवसांची. पण अर्ज केल्याशिवाय हा जामीन मिळत नाही, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क गेला. रिमांडचा पहिला दिवस धरून मोजा, अर्ज आधीच तयार ठेवा आणि मुदत उलटताच, कोर्ट उघडल्या उघडल्या दाखल करा.