दोन माइकने आवाजाची दिशा शोधताय? आधी क्लॉक तपासा

दोन कानांसारखे दोन माइक, आवाज कुठे आधी पोचला तो फरक मोजायचा आणि त्यावरून कोन काढायचा, हे तुम्हाला माहीत आहेच. कोडही एका संध्याकाळी होतो. माझे चार महिने गेले ते दुसऱ्याच गोष्टीत.

मी दोन वेगळे यूएसबी माइक घेतले होते, सेम मॉडेल, सेम लॅपटॉप, त्यामुळे शंकाच आली नाही. पण अशा प्रत्येक माइकच्या आत स्वतःचं क्लॉक, म्हणजे ठेका धरणारं क्रिस्टल असतं आणि दोन क्रिस्टल तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. समजा फरक फक्त २० पीपीएम (दहा लाखांत वीस) आहे, म्हणजे सेकंदाला २० मायक्रोसेकंद. किरकोळ वाटतं ना? पण माणसाच्या दोन कानांत आवाज पोचण्याचा फरक जास्तीत जास्त ६५० मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो, सगळा खेळ तेवढ्यातच. अर्ध्या मिनिटात समोरचा माणूस तुमच्या सेन्सरला पार कडेला दिसायला लागतो, शिवाय दोन्ही रेकॉर्डिंग एका क्षणी सुरू होत नाहीत तो घोळ वेगळाच.

मी खोलीतल्या प्रतिध्वनीला दोष देत बसले, जीसीसी-फॅट (दोन सिग्नलमधला वेळेचा फरक काढायची पद्धत) लावलं, शेवटी न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं. रिझल्ट मस्त आले. दुसऱ्या दिवशी सगळे कोन चुकीचे, कारण प्रत्येक दिशेचं रेकॉर्डिंग वेगळं केलेलं आणि नेटवर्क दिशेऐवजी त्या त्या रेकॉर्डिंगचा ऑफसेट, म्हणजे दोन माइकमधला वेळेचा घोळ शिकलं होतं. म्हणून सांगते, सिग्नल समजल्याशिवाय नेटवर्ककडे पळू नका.

दोन्ही माइक एकाच क्लॉकवर हवेत म्हणजे हवेतच. आयटूएस माइक (आवाज डिजिटल रूपात देणारे, बाहेरच्या क्लॉकवर चालणारे) एकाच बसवर, म्हणजे त्याच तारांवर, डावा-उजवा जोडा, नाहीतर एकच स्टीरिओ इंटरफेस घ्या. मग दोन्हींपासून सारख्या अंतरावर टाळी वाजवा, रेकॉर्डिंग न थांबवता अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा वाजवा. दोन माइकमधला वेळेचा फरक, म्हणजे डिले, सरकला तर पुढे एक ओळही लिहू नका. माझा ड्रिफ्ट (हे हळूहळू सरकणं) एका सीनियरने दोन्ही वेव्हफॉर्म एकाखाली एक ठेवून पाच मिनिटांत पकडला, कोडच्या आधी रॉ डेटा मागणारा असा माणूस भेटला तर सोडू नका.

१६ किलोहर्ट्झने रेकॉर्ड केलं तर एक सॅम्पल ६२.५ मायक्रोसेकंदांचं पडतं, ६५० च्या खेळात ते फार जाड, तेव्हा इंटरपोलेशन (दोन सॅम्पलच्या मधली किंमत काढणं) लागेलच.

आणि पुढचा आवाज मागे दाखवतोय म्हणून घाबरू नका, ती तुमची चूक नाही. दोन्हीकडून डिले सारखाच येतो, माणसंही तिथे फसतात आणि कानाच्या पाळीवर, मान वळवण्यावर भागवतात. माइकची जोडी सर्व्होवर (हव्या त्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) बसवून थोडी उजवीकडे फिरवा, पुढचा आवाज डावीकडे सरकेल, मागचा उजवीकडे.