अमेरिकन सिटिझनशिपची सिव्हिक्स टेस्ट: या चुका टाळा

सिव्हिक्स म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यांवरची परीक्षा. न्यू जर्सीत ओळखीच्या लोकांची तिची उजळणी घेताना एक गोष्ट कळली. माणसं अवघड प्रश्नांवर नाही, सोप्या प्रश्नांवर आपटतात.

आधी यादी तपासा. एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा नंतर भरला असेल तर १२८ प्रश्नांची यादी. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. त्याआधी भरला असेल तर जुनी १०० ची, १० पैकी ६. तारीख अर्जाची धरायची, मुलाखतीची नाही. तरी लोक भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली कुठलीतरी पीडीएफ घोकत बसतात.

आता सगळ्यात मोठा घोळ: सिनेटर. वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये (संसदेचं वरचं सभागृह) प्रत्येक राज्याचे २, एकूण १००, मुदत ६ वर्षं. पण राज्याच्या विधिमंडळातही सिनेट असते, तिथल्यांनाही सिनेटरच म्हणतात. जुन्या परीक्षेच्या काळात आमच्या एका काकांनी छातीठोकपणे राज्याच्या सिनेटरचं नाव सांगितलं. अधिकारी म्हणाला, पुन्हा विचार करा. काका म्हणाले, "अहो, ते दरवर्षी आमच्या गणपतीला येतात!" खासदार विचारला आणि यांनी आमदार सांगितला. मग असे भांबावले की आणखी तीन उत्तरं चुकली. दहाव्या प्रश्नावर कसेबसे सुटले. तेव्हापासून मी सगळ्यांना दोन्ही सिनेटर, आपला हाऊसमधला (संसदेचं खालचं सभागृह) प्रतिनिधी आणि गव्हर्नर यांची नावं हाताने लिहून फ्रिजवर लावायला सांगते. नावं घ्यायची ती यूएससीआयएसच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवरून, आणि मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा बघायची. निवडणुका होतात, माणसं बदलतात.

क्रमाने पाठांतर करू नका. सतरावा प्रश्न सोळाव्याशिवाय आठवत नसेल तर तो येतच नाही. मी भाजी चिरताना कुठूनही प्रश्न टाकते आणि उत्तर मोठ्याने मागते, कारण परीक्षा तोंडी आहे. "एका रात्रीत तयारी" वाले व्हिडिओ बघणाऱ्यांना मी शिकवत नाही.

डोक्यातली आपली राज्यघटना बाजूला ठेवा. इथे पंतप्रधान नाही. सरकार चालवणारा, सैन्याचा सरसेनापती आणि विधेयकावर सही किंवा व्हेटो करणारा, सगळं राष्ट्राध्यक्षच. तो आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही काम करू शकत नसतील तर हाऊसचा स्पीकर येतो.

१७७६ स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ राज्यघटना. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीइतक्याच वेगळ्या गोष्टी.

न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन. नेवार्क नाही.

प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या तर दोनच सांगा.

आणि "आईचं वय झालंय, परीक्षा माफ" हे कुणी सांगितलं? पन्नाशी पार आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा ५५ आणि १५, तर माफ होतं ते इंग्रजी. सिव्हिक्स द्यावंच लागतं, दुभाषा घेऊन मराठीत चालतं. ६५ आणि २० वर्षं असतील तर फक्त २० ठरावीक प्रश्न, तेही मराठीत. तेवढे आईकडून रोज दोन-दोन करून घ्या.