गॅस्ट्रिक बँड असताना लांब पल्ल्याचं धावणं: सराव, पाणी आणि ताट

गॅस्ट्रिक बँड म्हणजे वजन उतरवण्यासाठी शस्त्रक्रियेने जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेली सिलिकॉनची पट्टी. ती अन्न खाली उतरण्याची वाट अरुंद करते. पट्टीच्या वर जेमतेम १५ ते ३० मिलीलिटरची पिशवी उरते. ती चटकन भरते आणि थोडक्या अन्नात पोट भरल्यासारखं वाटतं. आतडी जशीच्या तशी असतात, त्यामुळे जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर येणारा अन्न शोषलं जाण्याचा प्रश्न इथे नसतो. धावणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याला प्रथिनं लागतात, पाणी लागतं, मीठ लागतं, आणि यातलं काहीच एका दमात आत जात नाही. म्हणून बँड असताना सरावाचं वेळापत्रक आखायचं ते आधी खाण्यापिण्याच्या वेळांचं आणि मग किलोमीटरचं.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. वजन ताटामुळे उतरतं. धावण्यामुळे दम वाढतो, उतरत्या वजनात स्नायू टिकायला मदत होते. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे, साधारण १ कॅलरी खर्च होते. १०० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर धावले की सुमारे ५०० कॅलरी. हा आकडा पाहून काटा लवकर खाली यावा म्हणून अंतर वाढवत नेण्याचा मोह होतो. बँडमुळे खाणं आधीच कमी असतं. त्यात अंतर वाढलं की शरीर स्नायू मोडून गरज भागवतं, हाडं दुरुस्त व्हायला उसंत मिळत नाही, आणि दोनतीन महिन्यांत दुखापत येते. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरत असेल तर ते पुरेसं आहे. सलग तीन-चार आठवडे त्याहून जास्त उतरत असेल तर धावण्याच्या दिवशीचं खाणं वाढवा.

पहिले तीन महिने

चालणं शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू होतं: पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पातळ, मग घोटलेलं, मग मऊ अन्न हे टप्पे तुमच्या रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणेच पाळा, कारण या काळात ओकारीचा जोर बसला तर पट्टी जागेवर घट्ट बसण्याआधीच सरकू शकते. सहा आठवडे जड उचलणं आणि पोटाचे व्यायाम बंद. पट्टी घट्ट करण्यासाठी तिच्यात सुईने सलाइन (मिठाचं पाणी) भरतात, त्यासाठी कातडीखाली बसवलेला पोर्ट बहुधा पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाला टाक्यांनी बांधलेला असतो. ताण बसून तो उलटला तर सुईला सापडत नाही आणि पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

सहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातले पाच दिवस ३० ते ४० मिनिटं झपझप चालता आलं पाहिजे. गुडघे तक्रार करत असतील तर काही दिवस सायकल घ्या. पोहायचं असेल तर जखमा पूर्ण भरल्यावरच. पळायला सुरुवात करण्याआधी शल्यचिकित्सकाची परवानगी घ्या, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल त्याच भेटीत विचारा. वजन उतरतं तसा जुना डोस जास्त पडू लागतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कमी खाऊन धावलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

पळायला लागताना

४५ मिनिटं झपझप चालून दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखत नसेल तर तुम्ही तयार आहात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. आधी दहा मिनिटं चाला, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं आठ वेळा. हे सहज जमलं की २ मिनिटं धावणं, २ चालणं, सात वेळा. पुढे ३ आणि १, सात वेळा. नंतर ५ आणि १, पाच वेळा. शेवटी १० आणि १, तीन वेळा. प्रत्येक टप्प्यावर निदान दोन आठवडे काढा, आणि त्या टप्प्यावरचे लागोपाठचे तीन सराव न दुखता पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेग इतकाच ठेवा की धावताना पूर्ण वाक्य बोलता यावं. पावलं छोटी, पाय शरीराच्या खालीच टेकतील अशी.

एवढा धीर का धरायचा, याचं कारण आहे. धावताना पाय जमिनीवर पडतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर त्यावर येतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण हाडांना आणि स्नायूबंधांना काही महिने लागतात. वजन उतरताना ही तफावत आणखी वाढते. दर महिन्याला तीन-चार किलो कमी झाले की दम लागत नाही, वेग आपोआप येतो आणि वाटतं आपण फार पुढे आलो. पायांना मात्र ते अजून माहीत नसतं. नडग्या आणि टाचांची दुखणी बहुतेक इथेच सुरू होतात. घड्याळातला वेग पाहून अंतर ठरवू नका.

१० किलोमीटरपर्यंत पोहोचल्यावर आठवड्याची घडी साधी ठेवा: दोन दिवस ४० मिनिटं सावकाश, एक दिवस लांब पल्ला. लांब पल्ला आठवड्याला फार तर एक किलोमीटरने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला पाव हिस्सा कमी करा. लांब पल्ल्यातही मध्ये मिनिटभर चालायची सवय सोडू नका, कारण पाणी प्यायला तीच वेळ मिळते. अर्ध मॅरेथॉन वजन उतरत असतानाही नीट करता येते. पूर्ण मॅरेथॉनचा सराव वजन स्थिरावेपर्यंत थांबवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेवढं अंतर कमी खाण्यावर निभत नाही. वेगाचे खडतर सरावही तेव्हाच.

आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून उठबस, पायरी चढउतार, टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीवर दंड. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. वेळ अपुरा असेल तर एक धावण्याचा दिवस सोडा, हे सोडू नका. खाणं कमी असताना स्नायू टिकवण्यात यांचा वाटा धावण्याहून मोठा आहे.

पाणी

इथेच सगळ्यात जास्त चुकतं. जेवताना प्यायचं नाही, जेवल्यानंतर निदान अर्धा तास प्यायचं नाही, आणि मोठा घोट चालत नाही. उरलेल्या वेळात दिवसभराचं पाणी बसवायचं, तर बाटली सतत हाताशी हवी. सकाळी अनेकांना पट्टी जास्त घट्ट वाटते. तेव्हा उठल्यावर २०० मिलीलिटर कोमट पाणी वीस-तीस मिनिटांत थोडं थोडं प्या आणि मगच निघा. फार थंड पाण्याने काहींना छातीत आवळल्यासारखं होतं.

धावताना दर पाच मिनिटांनी दोन लहान घोट, म्हणजे २० ते ३० मिलीलिटर. याने तासाला सुमारे ३०० मिलीलिटर जातं. ऊन असेल तर दर तीन मिनिटांनी. तहान लागली म्हणून गटागटा प्यायलात तर वरची पिशवी भरते, छातीत कळ येते, तोंडात फेस येतो आणि प्यायलेलं बाहेर पडतं.

आपला घाम मोजा. धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा तासात ९०० ग्रॅम कमी झाले आणि मध्ये ३०० मिलीलिटर प्यायलात, तर घाम तासाला १.२ लिटर. बँड असताना धावता धावता ही भरपाई पूर्ण होणार नाही, आणि तसा अट्टहासही नको. आदल्या संध्याकाळपासून नीट प्या, थंड वेळी धावा आणि उरलेली तूट पुढच्या तीन-चार तासांत भरून काढा. लघवी दुपारपर्यंत फिकट पिवळी झाली नाही तर पाणी कमी पडलंय. दुसऱ्या दिवशी लांब पल्ला घेऊ नका.

७५ मिनिटांपर्यंत साधं पाणी पुरतं. त्यापुढे साखर आणि मीठ लागतं. अर्धा लिटर पाण्यात सपाट सात चमचे साखर, म्हणजे जवळपास ३० ग्रॅम, आणि चमच्याचा आठवा भाग मीठ. दोन्हीसाठी ५ मिलीलिटरचा छोटा चमचा वापरा. हे तासाभरात संपवायचं, म्हणजे दर तीन मिनिटांनी दोन लहान घोट. बायपास झालेल्यांना साखरेच्या पाण्याने घाम सुटून गरगरतं, तसं बँडमध्ये सहसा होत नाही, पण मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. धावताना घ्यायचं साखरेचं घट्ट जेल हवं असेल तर एकाचे चार भाग करा, प्रत्येक भागामागे घोटभर पाणी. फेसाळ, गॅसची पेयं पूर्ण बंद. आणि हे गोड पाणी फक्त धावतानाच. पातळ गोड पदार्थ पट्टीतून अडथळ्याशिवाय उतरतात, घरी बसून प्यायलात तर वजन उतरणं थांबलंच म्हणून समजा.

ताट

प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम ही सर्वसाधारण पायरी. धावणं आणि ताकदीचे व्यायाम दोन्ही चालू असतील तर आहारतज्ज्ञांशी बोलून ती वाढवा. एका बैठकीत २० ग्रॅमहून जास्त बसणं कठीण, म्हणून चार-पाच वेळा विभागून घ्या. अंडी, मासे, घट्ट दही, मऊ शिजवलेली कडधान्यं, आणि जिथे घन अन्न नकोसं होतं तिथे दुधात प्रथिनांची पावडर.

धावण्याच्या आधी दोन-तीन तास घन अन्न नको. पट्टीच्या वर अडकलेला घास प्रत्येक पावलागणिक वर उसळतो आणि आंबट पाणी घशाशी येतं. लांब पल्ल्याच्या दिवशी दीड तास आधी केळं घालून मिक्सरमधून काढलेलं कपभर दूध पुरे. परत आल्यावर पहिली वीस मिनिटं फक्त घोटघोट पाणी, मग प्रथिनांचं पेय, आणि जेवण तासाभराने. दमलेला, भुकेला माणूस भराभर खातो, कमी चावतो, आणि कोरडं मांस, मऊ पाव किंवा चिकट भात नेमका तेव्हाच अडकतो. अडकलंच तर खाणं थांबवा, वरून पाणी ओतू नका, उभं राहा, हळूहळू चाला. ओकारी झाली तर आतली जागा सुजून पट्टी आणखी घट्ट होते, म्हणून पुढचे २४ तास फक्त पातळ आणि धावणं बंद.

लांब पल्ल्यात खर्च झालेल्या कॅलरीपैकी निदान अर्ध्या त्याच दिवशी परत घ्या, मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून. ज्यांना वजनाची घाई आहे त्यांना हे पटत नाही, पण न खाल्लेल्या लांब पल्ल्याची भूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्री उसळून येते. जीवनसत्त्वांच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करा, पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तशी अधिक वेळा.

पट्टी घट्ट करून घेताना

पहिल्यांदा सलाइन बहुधा चार ते सहा आठवड्यांनी भरतात, नंतर गरजेप्रमाणे. भरल्यावर दोन दिवस पातळ आहार असतो, तेव्हा फक्त चाला. त्या आठवड्यात लांब पल्ला घेऊ नका. स्पर्धेच्या आधीच्या तीन आठवड्यांत पट्टी घट्ट करून घेऊ नका, कारण किती पाणी आत जातं याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो. रात्री झोपेत खोकला, आंबट पाणी वर येणं, फक्त पातळच उतरणं ही पट्टी जास्त घट्ट असल्याची लक्षणं आहेत. सराव वाढल्यावर थोडं सलाइन काढून घेणं यात कमीपणा नाही, डॉक्टरांना तसं मोकळेपणाने विचारा.

गोळ्या, कपडे, बूट

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांनी जठराला व्रण होऊ शकतो आणि पट्टी आत रुतण्याचा धोका वाढू शकतो. त्या टाळा, गरज पडली तर ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल. पाण्याचा कमरपट्टा पोर्टवर घासतो, म्हणून हातातली बाटली किंवा पाठीवरची जाकिटाची पिशवी बरी. सैल पडलेली कातडी आणि मांड्या घासतात तिथे पेट्रोलियम जेली आणि घट्ट शॉर्ट. वजन उतरतं तसं पाऊलही थोडं बारीक होतं, तेव्हा नवे बूट घेताना माप पुन्हा घ्या. महिलांनी स्पोर्ट्स ब्राचं मापही दर पाच-सहा किलोंनी तपासावं.

कधी थांबायचं

नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी दुखणारी कळ, रात्रीही ठसठसणारी, म्हणजे हाडाला चीर असू शकते: धावणं लगेच बंद आणि तपासणी. पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली तर खाणं कमी पडत असण्याची शक्यता मोठी आहे, डॉक्टरांना दाखवा. चोवीस तास पातळही पोटात टिकत नाही, पोटात तीव्र कळा येतात, पोर्टभोवती लाली किंवा सूज आहे, किंवा अचानक भूक वाढून पट्टी असल्याची जाणीवच गेली, तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा. ओकाऱ्या चालूच राहिल्या तर शरीरातलं थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) कमी पडून नसांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ओकाऱ्यांबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. धावताना छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि तातडीची मदत घ्या. ते दुखणं पट्टीचंच असेल असं स्वतः ठरवू नका.

स्पर्धेच्या दिवशी

सरावात जे प्यायलात तेच, तेवढंच. आपली बाटली सोबत ठेवा, पाण्याच्या टेबलापाशी धावत पेला रिकामा करायला जाऊ नका. तिथे चालत या, बाटली भरून घ्या आणि चालतानाच दोन घोट घ्या. अंतिम रेषेनंतर हातात थंड गॅसचं पेय आणि कोरडा खाऊ दिला जातो, तो पिशवीत टाका. दहा मिनिटं चालत राहा, अर्धा तास घोटघोट पाणी, मग सोबत नेलेलं प्रथिनांचं पेय, आणि ताटावर बसायचं ते तासाभरानंतर.