फ्लॉपी स्वतः फॉरमॅट करायची तर आधी कागदावर ६२५० लिहा

जळगाव-भुसावळकडची डिप्लोमाची पोरं अधूनमधून विचारतात, "भाऊ, मशीनच्या अगदी जवळ जाऊन प्रोग्रामिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जुन्या होम कॉम्प्युटरवर फ्लॉपीचा एक ट्रॅक, म्हणजे डिस्कवरचं एक वर्तुळ, स्वतःच्या प्रोग्रामने फॉरमॅट करून दाखवा. गेमबिम नंतर.

मी हे ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ वर शिकलो. १९८५ चं मशीन, १२८ केबी मेमरी, अंगातच तीन इंची ड्राइव्ह. आत झेड-८० प्रोसेसर आहे, आणि तो ८०८० ची सगळी मशीन भाषा समजतो. त्यामुळे कॉलेजात ८०८५, म्हणजे ८०८० चाच धाकटा भाऊ, केलेल्याला फार नवीन काही नाही. एमव्हीआय, एलएक्सआय यांच्या जागी एलडी लिहायचं. रिम आणि सिम या फक्त ८०८५ च्या सूचना मात्र विसरायच्या.

बहुतेक जण थेट कोडला हात घालतात. माझ्या मते आधी कागद घ्यावा. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. डेटा सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने जातो. तेव्हा एका ट्रॅकवर ५०,००० बिट, म्हणजे ६२५० बाइट मावतात. पुढचं सगळं या आकड्यातून निघतं.

ट्रॅकच्या सुरुवातीला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, स्वतःच १४६ बाइट खर्च करतो. ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरला, म्हणजे ट्रॅकच्या तुकड्याला, पत्ता, सीआरसी (चूक पकडायची बेरीज), सिंक (ताल जुळवायचे बाइट) वगैरे धरून आणखी ६२ लागतात, म्हणजे ५७४. शिवाय दोन सेक्टरमधली मोकळी जागा. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ती हेक्स ५२, म्हणजे ८२ बाइट. नऊ सेक्टरांचा हिशोब ६०५० वर येतो आणि २०० बाइट उरतात. ४० ट्रॅकची एक बाजू १८० केबीची होते, त्यातले २ केबी डिरेक्टरीला.

आता दहा सेक्टर बसवायचे म्हटले तर मोकळी जागा कापावी लागते. ती ३० केली तर बेरीज ६१८६ होते, शिल्लक फक्त ६४. कागदावर बसलं, पण ड्राइव्ह एक टक्क्यापेक्षा जास्त वेगाने फिरली की शेवटचा सेक्टर पहिल्यावर चढणार. म्हणून मी २० ठेवतो. शिल्लक १६४, म्हणजे अडीच टक्क्यांची सूट. अकरा सेक्टर मोकळ्या जागेशिवायच ६३१४ होतात, तेव्हा तो विषय संपला.

कोड त्या मानाने छोटा आहे. कंट्रोलर ७६५ जातीचा. इथून पुढचे पोर्ट आणि कमांडचे आकडे हेक्समधले. स्टेटस वाचायचा पोर्ट एफबी७ई, डेटाचा एफबी७एफ. एफए७ई वर १ पाठवून मोटर चालू करायची, तिला वेग घ्यायला सेकंदभर द्यायचा, मग हेड शून्य ट्रॅकवर न्यायचं. हेड हलवण्याच्या कमांडनंतर कमांड ०८ देऊन "पोहोचलास का?" विचारावंच लागतं. नवखे नेमकं हेच गाळतात आणि मग ड्राइव्हला दोष देत बसतात.

त्यानंतर फॉरमॅटची कमांड: ४डी, ००, ०२, ०९, ५२, ई५. म्हणजे कमांडचा क्रमांक, ड्राइव्ह ए, ५१२ चा आकार, नऊ सेक्टर, मोकळी जागा आणि भरायचा बाइट. ई५ भरायचं कारण एवढंच की सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम डिरेक्टरीतल्या रिकाम्या नोंदीला त्याच बाइटने ओळखतं. मग प्रत्येक सेक्टरसाठी चार बाइट: ट्रॅक, बाजू, सेक्टर क्रमांक, आकार. हे चार दिले नाहीत वेळेत, तर कंट्रोलर ओव्हररन, म्हणजे बाइट हुकल्याची चूक, दाखवतो. एका बाइटचा वेळ ३२ मायक्रोसेकंद, म्हणून कोडच्या त्या तुकड्याआधी इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवणारे इशारे, बंद करायचे.

सेक्टर क्रमांक तुमच्या मर्जीचे. ॲमस्ट्रॅडच्या डेटा फॉरमॅटमध्ये ते सी१ ते सी९ असतात आणि डिस्कवर सी१, सी६, सी२, सी७ असे एकाआड एक लिहिलेले असतात, म्हणजे एक सेक्टर वाचून सावरेपर्यंत पुढचा निसटत नाही. दहा सेक्टरांची डिस्क ॲम्सडॉसला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या डिस्क सिस्टीमला, मात्र आपोआप समजत नाही. वाचायचं रूटीनही तुम्हालाच लिहावं लागतं, आणि खरं शिक्षण तिथे होतं.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे ऊन. या तीन इंची ड्राइव्हमध्ये रबरी बेल्ट असतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की जुना बेल्ट ढिला पडतो, वेग स्थिर राहत नाही आणि वरचा अडीच टक्क्यांचा हिशोब कोलमडतो. वेग मोजायला वेगळं यंत्र नको. एका ट्रॅकवर एकच सेक्टर फॉरमॅट करा, मग त्याचा पत्ता वाचायची कमांड, ४ए, शंभर वेळा द्या. एका फेऱ्यात तो सेक्टर एकदाच भेटतो. बेसिक भाषेतला टाइम हा आकडा सेकंदाला ३०० ने वाढतो, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या टाइममधला फरक ६००० आला पाहिजे. ५८५० आला तर ड्राइव्ह वेगात आहे, ६१५० आला तर रेंगाळतेय. बेल्ट बदलायचा झाला तर टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाकडे मापाचा मिळतो का बघा.

मशीन नसेल तर इम्युलेटरवर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, करा, लाजायचं कारण नाही. फक्त सगळे इम्युलेटर ट्रॅकची लांबी मोजत नाहीत. काही अकरा सेक्टरही मुकाट्याने घेतात. म्हणून पुन्हा कागद.

एवढं जमलं की आकाराच्या जागी ०६ टाकून एकच ८१९२ बाइटचा सेक्टर करून बघा. तो ट्रॅकपेक्षा मोठा, त्यामुळे वाचताना सीआरसी चुकणारच, पण सुरुवातीचे सुमारे ६ केबी नीट हाती येतात. त्या काळी कॉपी होऊ नये म्हणून काही गेमवाले हीच युक्ती वापरायचे.